चार वाजताच्या खुणा

माझं नाव जालिंदर कुंभार. पण माझी मोठी बहीण हौसाक्का मला ज्या नावानं हाक मारते ते असं : उजव्या कानाची पाळी चिमटीत धरायची आणि दोनदा खाली ओढायची. लहानपणी माझा कान सारखा फुटायचा, मी तो ओढत रडत बसायचो, म्हणून हे नाव.

आक्काला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या काळी विट्यात असल्या मुलांची शाळा नव्हती, आणि असती तरी आमच्या वडिलांनी, अण्णांनी, पोरीला तिथं घातलं नसतं. त्यामुळं तिला लिहिता-वाचता येत नाही आणि पुस्तकातली खुणांची भाषाही येत नाही. तिनं स्वतःची भाषा स्वतःच केली. माझ्यानंतर घरात जन्मणाऱ्या प्रत्येकाला बारशाच्या दिवशी दोन नावं मिळतात. एक पाळण्यात आत्या ठेवते ते, दुसरं आक्का हातानं ठेवते ते. बाळ मांडीवर घेऊन ती बराच वेळ बघत बसते, पाहुणे जेवायला खोळंबतात, मग ती काहीतरी खूण करते आणि ते नाव जन्मभर चिकटतं. तिच्या मुलीला, स्वप्नालीला, हनुवटीवर खळी होती. म्हणून स्वप्नाली म्हणजे हनुवटीवर टेकवलेलं एक बोट.

ही भाषा पुरती समजणारी माणसं जगात चार. आक्का, दाजी, स्वप्नाली आणि मी. विश्वास नसेल त्यानं सरकारी अर्ज काढून बघावा. तिथं माझ्या सहीनं हेच लिहिलेलं आहे.

मी गावाला इंटरनेट पुरवतो. आधी केबल टीव्हीच्या तारा ओढल्या, मग फायबर टाकली. चार हजार दोनशे घरं, दोन दवाखाने, एक कॉलेज, अकरा माणसांचा स्टाफ. लोक मला नेटवाले मामा म्हणतात आणि लाईन गेली की आणखीही काही म्हणतात. संपर्क शुचिता कायदा आला तेव्हा मला वाटलं, हे मोठ्या कंपन्यांचं लचांड आहे, आपल्याला कोण विचारतो. तिसऱ्या महिन्यात टेम्पो आला आणि त्यातून एक करडी पेटी उतरली. पेटीचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. आमच्या रेश्मानं, म्हणजे माझ्या कंट्रोल रूमच्या इंजिनिअरनं, पहिल्याच दिवशी तिला चाळण म्हणायला सुरुवात केली.

ही चाळण काय करते ते सांगतो, कारण ते न समजता लोक उगाच मला शिव्या देतात.

आजकाल कुणाचाही मजकूर वाटेत वाचता येत नाही. पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच त्याला कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये ते उघडतं. मधल्या तारेतून जातात ती बंद पाकिटं. पण पाकीट बंद असलं तरी त्याचा आकार लपत नाही. किती मोठं, किती वेळानं पुढचं, कुठल्या दिशेनं, एवढं दिसतंच. सिनेमा बघणाऱ्याकडं मोठी पाकिटं एकाच बाजूनं धो धो येतात. दोघं बोलत असले की एकाची आवाजाची पाकिटं फुगतात तेव्हा दुसऱ्याची रोडावतात, कारण माणूस दुसऱ्याचं ऐकायला गप्प बसतो. चाळण हे आकार बघते. कोट्यवधी कॉल तिला आधीच दाखवून ठेवलेले असतात, आणि कुठला आकार वाईट तेही शिकवलेलं असतं. आत काय आहे ते तिला कळत नाही, आणि कळायची गरजही नसते.

वाईट आकारांची यादी होती. त्यातला सतरावा आकार असा : दोन्हीकडून सतत चित्र, दोन्हीकडून आवाज शून्य. आदल्या वर्षीच्या आंदोलनात लोक माईक बंद करून कॅमेऱ्यासमोर हातानं लिहिलेल्या पाट्या धरत होते, म्हणून तो यादीत आला.

चाळणीला एक ते दहा आकड्यांचं बटण होतं. एकवर ठेवलं तर फक्त खात्रीचं अडणार, दहावर ठेवलं तर नुसता वास आला तरी अडणार. कोणता आकडा ठेवायचा हे कायद्यानं आमच्यावर सोडलं होतं. सरकार किती मोकळ्या मनाचं! फक्त कलम एवढंच होतं की वाईट काही सुटलं तर परवाना रद्द आणि मालकाला तीन वर्षं. चांगलं काही अडलं तर काय, याबद्दल चौऱ्याऐंशी पानांत एक ओळ नव्हती.

रेश्मा म्हणाली, "दादा, पाचवर ठेवूया की. निम्मं निम्मं."

"आत तू जाणार हाईस का मी?"

तिनं मुकाट्यानं दहावर केलं. तालुक्यातल्या सगळ्यांनी दहावरच केलं होतं, मोबाईलवाल्यांनी तर आमच्या आधी. पहिल्या आठवड्यात कॉलेजची ऑनलाईन परीक्षा अडली, डॉक्टरांचे एक्स-रे अडले. लोक ऑफिसात येऊन भांडून गेले. हळूहळू सवय झाली. लोकांना कशाचीही सवय होते, मलाही झाली.

नवव्या दिवशी सव्वाचारला आक्का ऑफिसात आली. पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

आमच्या भागातली निम्मी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. स्वप्नालीचा नवरा विक्रम कोईमतूरला गलाईचं दुकान चालवतो. स्वप्नालीला तेव्हा पाचवा महिना लागला होता. आधीचं एक मूल सातव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून डॉक्टरनं तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. ती माहेरी येऊ शकत नव्हती, आणि दाजींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यामुळं आक्का तिकडं जाऊ शकत नव्हती. रोज चार वाजता दोघी टॅबलेटवर खुणांनी बोलायच्या. आक्काचा सगळा दिवस त्या चार वाजण्याभोवती असायचा.

आक्कानं हनुवटीला बोट लावलं, मग दोन्ही हातांनी दोरी तोडल्यासारखं केलं, आणि मग छातीवर मूठ मारून मान तिरकी केली. स्वप्नाली कॉल तोडते. माझं काय चुकलं?

मी तिला सांगितलं, पोरगी नव्हे, मशीन तोडतंय. तिनं मशीन दाखव म्हणून खूण केली. मी चाळण दाखवली. आक्कानं तिच्या पत्र्यावरून हात फिरवला, ती गरम लागली तसा काढून घेतला, आणि माझ्याकडं बघून हसली. तिच्या मते प्रश्न सुटला होता. पेटी माझ्या खोलीत होती, म्हणजे माझी होती, आणि भाऊ ती बंद करेल.

मला लाज वाटली. कारण चार हजार दोनशे घरं चालवणाऱ्या माणसाला एक पेटी बंद करता येत नव्हती.

मग आम्ही डोकं चालवलं. आवाज नाही हीच अडचण असेल तर आवाज घालू. रेश्मा आक्काच्या घरी जाऊन टॅबलेटशेजारी रेडिओ लावून आली. स्वप्नालीला ऐकू येतं, ती बिचारी खुणा करता करता तोंडानं पाढे म्हणायला लागली. चार दिवस कॉल सुरळीत चालला. दाजी म्हणाले, "आरं, रेडिओवर बाजारभाव चाललंय आन ही हितं हातानं बाळुत्यांचं बोलतीया. येडं व्हायची पाळी आलीया." आम्ही खूप हसलो. त्या महिन्यात तेवढंच काय ते हसलो.

पाचव्या दिवशी चाळण शिकली. एका बाजूनं रेडिओ चाळीस मिनिटं श्वास न घेता ओतत होता आणि दुसरी बाजू त्यासाठी क्षणभरही थांबत नव्हती. खरी माणसं अशी बोलत नाहीत. कॉल तुटला आणि तासाभरात माझ्या नावानं नोटीस आली. आता प्रकरण सतराव्या आकाराचं उरलं नव्हतं. आता ते 'पुरवठादाराच्या संगनमताने बनावट आवाज' झालं होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी संपर्क कक्षात खैरमोडे नावाचा अधिकारी होता. तिशीचा, शांत, चहा विचारणारा माणूस. ओरडणारा असता तर बरं झालं असतं. मी त्याला आक्काचं सगळं सांगितलं. तो खरोखर हळहळला.

"माझी आजीही ऐकायला कमी होती," तो म्हणाला. "पण बघा, यंत्राला कसं कळणार? आणि यंत्रानं अडवलेलं मी सोडलं, तर उद्या माझं काय?"

"मग सोडायचं कुणी, साहेब?"

त्यानं ड्रॉवरमधून अर्ज काढला. अगम्य भाषा सवलत, नमुना नऊ. ज्या लाईनीवर यंत्राला न कळणारी भाषा आहे, तिला सूट मिळते. पण त्या लाईनीला कुलूप लावायचं नाही, कॉल उघडा पाठवायचा. आणि एक भाषा-साक्षी नेमायचा. त्यानं रोजचा कॉल बघायचा, काय बोलणं झालं ते वाक्यावाक्यानं मराठीत लिहायचं. ते लिहिलेलं चाळणीला जातं आणि ती भाषा शिकते.

"साधारण सहा महिने," खैरमोडे म्हणाला. "मग तिचं तिला कळेल, तुमची गरज उरणार नाही. ही भाषा कोणाला येते?"

मी चौघांची नावं सांगितली. दाजींची नजर अधू, पडद्यावरचं त्यांना दिसत नाही. आक्का आणि स्वप्नाली स्वतःच बोलणाऱ्या. त्यानं पेन माझ्याकडं सरकवलं.

"तुमच्या बहिणीची संमती लागेल. अंगठा चालेल."

मी आक्काचा अंगठा घेतला. हे मला सांगितलंच पाहिजे. तिनं कागदाकडं बोट करून विचारलं, हे काय? मी खूण केली, लाईन दुरुस्तीचं. खरं सांगायला मला हात होते, भाषाही होती. पण खरं सांगितलं तर ती अंगठा देणार नाही अशी भीती वाटली, आणि अंगठा दिला नाही तर पोरीचं तोंड दिसणार नाही. स्वप्नालीलाही मी काही बोललो नाही. तिनं ते बोटानं आईला सांगितलंच असतं. मी दोघींच्या भल्यासाठी केलं असं स्वतःला म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता मी दार लावून पडद्यासमोर बसायला लागलो. एका बाजूला आक्का, एका बाजूला स्वप्नाली, खाली लिहायची चौकट. 'आई विचारते, जेवलीस का. मुलगी म्हणते, भात नको वाटतो. आई म्हणते, लिंबाचं लोणचं चाट.' दर वाक्यामागं दोन सेकंदांत चाळणीचं उत्तर यायचं. वैयक्तिक. आक्षेप नाही.

सुरुवातीला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू, आक्काला इतकं बोलताना मी कधी बघितलंच नव्हतं. आमच्यासमोर ती कामापुरतं बोलायची. पोरीसमोर तिचे हात नुसते उडायचे. शेजारणीच्या नकला करायची, दाजींच्या चालण्याची करायची, माझ्या पोटाचीही करायची. मी ते सगळं इमानानं लिहिलं. 'मामाचे पोट वाढले आहे.' वैयक्तिक. आक्षेप नाही.

मग तिसऱ्या महिन्यात एकदा स्वप्नालीचे हात हळू झाले. तिनं विक्रमची खूण केली, बोटातली अंगठी फिरवण्याची. मग स्वतःच्या गालावर तळहात आपटला. आक्कानं विचारलं, किती वेळा? स्वप्नालीनं दोन बोटं दाखवली. आक्का उठून पडद्याजवळ आली, इतकी जवळ की नुसतं तिचं कपाळ दिसायला लागलं. स्वप्नालीनं खूण केली, कुणाला सांगू नको. मामाला तर नकोच.

आणि मी, मामा, चौकटीत लिहिलं : 'जावयाने मुलीला दोन वेळा मारले.' आठव्या महिन्यातली पोर. दोन सेकंदांनी उत्तर आलं. वैयक्तिक. आक्षेप नाही.

 सकाळी मी फोन उचलला. दुसरं काय करणार होतो? लग्नात अंतरपाटामागं तिचा हात धरून मी उभा होतो. मामानं ऐकून गप्प बसायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही.

"विक्रमराव, पोरीच्या अंगाला परत हात लावला तर मी तिथं येऊन तुमचं दुकान रस्त्यावर आणीन."

 मग तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

 तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलो.

दुपारी स्वप्नालीचा फोन आला. ती रडत नव्हती. "मामा, मी फक्त आईला सांगितलं होतं. आईनं तुला सांगितलं?"

मी हो म्हटलं असतं तर आक्का खोटी पडली असती. मी नाही म्हणालो. मग एकेक करत सगळं सांगावं लागलं.

"रोज बघतूस?"

"रोज."

तिनं फोन ठेवला.

चार वाजता मी नेहमीप्रमाणं पडद्यासमोर बसलो, कारण बसलो नसतो तर लाईन तुटली असती. स्वप्नालीनं आईकडं बघून कानाची पाळी दोनदा ओढली. मग दोन बोटं डोळ्यांपाशी नेली. मग तळहातावर बोटानं लिहिल्यासारखं केलं. आक्काला समजलं नाही. स्वप्नालीनं पुन्हा केलं. आक्कानं हळूच मान वर करून थेट कॅमेऱ्याकडं बघितलं. आणि मला ते लिहावं लागलं : 'मुलगी आईला सांगते की मामा बघतो आणि लिहितो.'

वैयक्तिक. आक्षेप नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का ऑफिसात आली. आज चपला बरोबर होत्या. रेश्मा उठून बाहेर गेली. आक्कानं माझी खुर्ची बघितली, पडदा बघितला, आदल्या दिवसाच्या ओळी बघितल्या. तिला त्या वाचता येत नव्हत्या, तरी एका ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, हे काय? मी खूण करून सांगितलं. तिनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मी सांगितलं. असं तिनं पान संपेपर्यंत केलं. शेवटी विचारलं, कधीपासून? मी तीन बोटं उभी केली.

मला वाटलं ती मारेल. लहानपणी तिनं मला भरपूर मारलं आहे. मी सांगू लागलो, हे मशीन, ते साहेब, तुरुंग, अकरा माणसं. आमच्या भाषेत कायद्याला खूण नाही. परवान्याला नाही. मी हातवारे करत राहिलो आणि मलाच कळेना मी काय म्हणतो आहे. बंद करू का, असं शेवटी विचारलं. तिनं झटकन पिशवीवर हात दाबला. पिशवीत टॅबलेट होता.

मी खैरमोडेला फोन केला, मला साक्षीदार राहायचं नाही म्हणून. तो म्हणाला, "राहू नका. पण मग लाईन आपोआप बंद होते. सांगा, मी काय करू?" हा प्रश्न तो खरोखर मला विचारत होता.

त्या दिवसापासून आक्काचे हात पदराखाली गेले. चार वाजता ती टॅबलेटसमोर बसते, हात पदराखाली घेते आणि पोरीकडं बघते. स्वप्नाली सुरुवातीला काहीबाही खुणा करायची. आक्का मान हलवून तिला थांबवायची. मग तीही गप्प बसायला लागली. एकमेकींकडं बघत अकरा मिनिटं, कधी वीस. मी लिहायचो, 'आई मुलीकडे बघते. मुलगी आईकडे बघते.' चाळणीला चालायचं. पोरीला नवरा परत मारतो का, बाळ आत फिरतं का, दुखतं का, यातलं काहीही आता आक्काला कळत नव्हतं. मलाही नव्हतं. मी फोन केला तर स्वप्नाली "बरी हाय" म्हणून ठेवायची.

बाळ झालं. मुलगी, अडीच किलो, दोघी सुखरूप. ही बातमी मी आक्काला हातानं सांगितली. तिनं माझ्याकडं न बघता साखरेचा डबा काढला आणि माझ्या तळहातावर चिमूट ठेवली.

बाराव्या दिवशी बारसं. कोईमतूरला विक्रमच्या बहिणीनं पाळण्यात नाव ठेवलं. मग चार वाजता कॉल लागला. आक्का नवी साडी नेसून बसली होती. शेजारी दाजी होते. स्वप्नालीनं बाळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. बाळाच्या डाव्या भुवईत केसांचा छोटा भोवरा होता, मला इथून दिसला, आक्काला दिसलाच असणार. स्वप्नालीनं एका हातानं बाळ सावरत दुसऱ्या हाताची ओंजळ पुढं केली. नाव दे.

आक्का बाळाकडं बघत राहिली. आमच्या घरात तिनं प्रत्येकाकडं बघितलं तसंच, खूप वेळ. पदराखाली तिची बोटं हलत होती. मी पडद्याजवळ सरकलो. मनात म्हटलं, कर आक्का, मी लिहिणार नाही, दुसरंच काहीतरी लिहीन. पण हे तिला सांगायला मी तिच्यासमोर नव्हतो, आणि असतो तरी तिनं का ऐकावं?

बाळ रडायला लागलं. स्वप्नालीचा हात अजून पुढं होता.

मग आक्कानं पदराखालून उजवा हात काढला.  तिनं बाळावरची नजर उचलली, सरळ कॅमेऱ्यात बघितलं, आणि स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दोनदा ओढली. मग हात पुन्हा पदराखाली नेला.

चौकट थांबली होती. मी लिहिलं, 'मला हाक मारली.'

दोन सेकंदांनी खाली उत्तर आलं. वाक्य अपूर्ण. पुढे काय म्हटले ते लिहा.

मी कॉल संपेपर्यंत वाट बघितली. पुढं तिनं काहीच म्हटलं नाही.